बीट यंत्रावर बनवावी की कॉम्प्युटरवर? मराठवाड्यात बसून निर्णय घेणाऱ्यांसाठी

नांदेड, परभणी, बीड, लातूरकडची पोरं आज रॅप लिहितात, भीमगीतांना नवा ठेका देतात, गणपतीच्या मिरवणुकीसाठी रिमिक्स करतात. यातल्या बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो: पैसे जमलेत, आता बीट (गाण्याखालचा ठेका) बनवायला पॅडवालं, म्हणजे बोटांनी किंवा काठीनं वाजवायच्या रबरी चौकोनांचं, यंत्र घेऊ की लॅपटॉपवर सॉफ्टवेअर टाकू? या प्रश्नाला इंटरनेटवर हजार उत्तरं मिळतात. ती देणाऱ्यांच्या घरी दुपारी लाईट जात नाही, सर्व्हिस सेंटर दोनशे-तीनशे किलोमीटरवर नसतं आणि सहा मात्रांचा ठेका वाजवायची वेळ त्यांच्यावर क्वचितच येते. आपल्याकडं या तिन्ही गोष्टी रोजच्या आहेत. म्हणून हा निर्णय आपल्या हिशेबानं घ्यायला हवा.

माझं मत आधीच सांगतो. नव्यानं सुरुवात करणाऱ्यानं सॉफ्टवेअर घ्यावं, जमेल तेव्हा त्याला एक छोटा पॅड जोडावा, आणि स्वतंत्र यंत्र तेव्हाच विकत घ्यावं जेव्हा त्याचं स्टेजवर ठरलेलं काम निघेल. हे मत सगळ्यांना लागू पडत नाही. तुम्हाला लागू पडतं का, ते पुढच्या पायऱ्या क्रमानं केल्या की कळेल.

आधी दुकानातल्या वस्तू ओळखा

दुकानात किंवा ऑनलाईन सारखी दिसणारी चार प्रकारची डबडी असतात, आणि इथंच अनेकांचे पैसे चुकीच्या ठिकाणी जातात.

पहिला प्रकार ड्रम मशीनचा. यात आवाज आतच तयार होतो आणि सोळा बटणांवर ठेका मांडता येतो. रोलँडचं टीआर-८०८ हे यातलं सगळ्यात गाजलेलं यंत्र. ते १९८० ते १९८३ एवढीच वर्षं बनलं, पण त्याचा तो लांब घुमणारा किक, म्हणजे खालचा दणका, आजही प्रत्येक डीजे सिस्टीमवर ऐकू येतो. कॉर्गचं व्होल्का बीट्स हे आजच्या काळातलं छोटं ड्रम मशीन.

दुसरा प्रकार सॅम्पलरचा. यात तुम्ही बाहेरचा आवाज भरता, कापता आणि पॅडवर वाजवता. अकाईचं एमपीसी आणि रोलँडचं एसपी-४०४ ही या घराण्यातली नावं.

तिसरा आपल्या ओळखीचा, ऑक्टापॅड. मराठवाड्यातल्या जवळजवळ प्रत्येक ऑर्केस्ट्रात आणि भजनी-भावगीतांच्या कार्यक्रमात रोलँडचा एसपीडी-२० किंवा त्याचा एखादा भाऊबंद दिसतो. आठ पॅड, काठीनं वाजवायचे, आत तबला-ढोलकीपासून इलेक्ट्रॉनिक ड्रमपर्यंतचे आवाज.

चौथा प्रकार कंट्रोलरचा. अकाईचा एमपीके मिनी, एमपीडी-२१८ किंवा नोव्हेशनचा लाँचपॅड. यांना पॅड असतात, पट्ट्या असतात, दिवे लागतात, पण जुन्या आणि आजही सर्रास मिळणाऱ्या मॉडेलांच्या पोटात एकही आवाज नसतो. कॉम्प्युटर किंवा फोन जोडल्याशिवाय ते मुके आहेत. कंट्रोलर घरी आणून स्पीकरची पिन कुठं लावायची ते शोधत बसण्यापेक्षा दुकानातच एक वाक्य विचारा: "हे कॉम्प्युटर नसताना वाजतं का?"

पायरी पहिली: तुमची बीट कुठं वाजणार?

बाकी सगळं या एका उत्तरावर ठरतं, म्हणून इथं घाई करू नका. कागद घ्या आणि येत्या वर्षात तुमची बीट कुठं वाजणार आहे ते लिहून काढा. गाणं घरी बनवून यूट्यूबवर टाकायचंय? गावातल्या गायकाला ट्रॅक बनवून द्यायचाय? १४ एप्रिलच्या मिरवणुकीत डीजेवाल्याला पेनड्राईव्ह द्यायचाय? की तुम्ही स्वतः स्टेजवर उभे राहून, लोकांसमोर, हातानं वाजवणार आहात?

पहिल्या तीन कामांत लोकांपर्यंत पोचते ती फाईल. फाईल बनवायला सॉफ्टवेअरसारखं सोयीचं काही नाही. ट्रॅक झाला की दोन दिवसांनी गायकाचा फोन येतो: "भाऊ, पट्टी माझ्या गळ्याला वर जातेय, एक सूर खाली घ्या, आणि दुसऱ्या कडव्याआधी चार मात्रा मोकळ्या सोडा." सॉफ्टवेअरमध्ये तो प्रोजेक्ट जसा बंद केला तसाच उघडतो, प्रत्येक आवाजाची पातळी आणि प्रत्येक इफेक्ट जागेवर असतो. दोन-तीन यंत्रं मिक्सरला जोडून बनवलेली बीट दोन महिन्यांनी पुन्हा तशीच उभी करायची म्हटलं, तर मिक्सरच्या प्रत्येक बटणाचा फोटो काढून ठेवलेला असावा लागतो. गायकांसाठी ट्रॅक बनवणाऱ्यानं केवळ या एका कारणासाठी सॉफ्टवेअर घ्यावं, असं मी ठामपणे म्हणेन.

चौथ्या कामाचं गणित उलटं आहे. स्टेजवर लॅपटॉपची स्क्रीन बघत माऊस हलवणाऱ्या माणसाकडं प्रेक्षक बघत नाहीत. काठी पॅडवर पडते आणि आवाज येतो, हे त्यांना दिसलं पाहिजे. तिथं अपडेट मागणारं, मध्येच नोटिफिकेशन वाजवणारं कॉम्प्युटर नको असतं. यंत्र चालू केलं की काही क्षणांत तयार असतं आणि त्याचं प्रत्येक बटण रोज त्याच जागी असतं. अंधारात, गर्दीत, बोटांना ते पाठ होतं. ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्यानं किंवा रॅपरसोबत लाईव्ह उभं राहणाऱ्यानं यंत्राचा विचार पहिल्या दिवसापासून करावा.

पायरी दुसरी: घरात आहे त्यावर महिनाभर काम करा

नवीन काही घेण्याआधी हातातला फोन वापरा. बँडलॅब हे ॲप फुकट आहे. कोआला सॅम्पलर थोडक्या पैशात मिळतं आणि सॅम्पलर म्हणजे काय हे त्याच्याइतकं सोपं करून दुसरं कुणी शिकवत नाही: फोनच्या माईकवर आवाज धरा, पॅडवर ठेवा, वाजवा. घरात जुना लॅपटॉप असेल तर एलएमएमएस हे बीट बनवायचं सॉफ्टवेअर टाका. ते मुक्त सॉफ्टवेअर आहे, कायमचं फुकट आहे आणि विंडोज-लिनक्स दोन्हीवर चालतं. आयफोन किंवा मॅक असेल तर गॅरेजबँड फुकट मिळतं.

एक अट मात्र पाळा. हेडफोन वायरचे लावा. ब्लूटूथमध्ये आवाज सेकंदाच्या दहाव्या-पाचव्या भागाइतका उशिरा येतो. गाणं ऐकताना ते कळत नाही, पण मिनिटाला १०० ठोक्यांच्या लयीत एका ठोक्याचा चौथा भाग, म्हणजे ठेका मांडायच्या रांगेतलं एक घर, १५० मिलिसेकंदांचं असतं. बोट आत्ता पडलं आणि आवाज पुढच्या घरात आला, अशी गत होते. ब्लूटूथवर सराव करून "माझ्या हातात लय नाही" असं ठरवून सोडून दिलेली मुलं मला माहीत आहेत. त्यांच्या हातात लय होती.

महिन्याच्या शेवटी स्वतःकडं बघा. तुम्ही बहुतेक वेळ पडद्यावर घरं भरत, बारकावे सरकवत घालवला का? मग तुमचा पिंड सॉफ्टवेअरचा आहे. की पडदा नकोसा होऊन टेबलावरच बोटं वाजवत बसलात? मग पॅड हवा.

पायरी तिसरी: सहा मात्रांची परीक्षा

मला सगळ्यात जास्त जिव्हाळा या पायरीचा आहे. कुठलंही यंत्र किंवा सॉफ्टवेअर घेण्याआधी त्यावर आपला ठेका बसतो का ते तपासा.

बहुतेक ड्रम मशीन सोळा घरांची असतात, कारण ती चार-चारच्या संगीतासाठी जन्मली. केहरवा आणि भजनी ठेका आठ मात्रांचे, ते सोळा घरांत आरामात बसतात. दादरा सहा मात्रांचा: धा धी ना, धा ती ना. गोंधळातली संबळ, जागरणातली दिमडी, आराधी मंडळींचं चौंडकं ऐका, अनेकदा सहाचीच डुलकी लागते. ती सोळा घरांत कोंबली की ठेका लंगडतो.

म्हणून परीक्षा अशी करा. सहा मात्रांना प्रत्येकी दोन, अशी बारा घरं लागतात. यंत्रावर ठेक्याची लांबी बारावर आणता येते का ते बघा. व्होल्का बीट्सवर नको असलेली घरं वगळण्याची सोय आहे, तिला ॲक्टिव्ह स्टेप म्हणतात. शेवटची चार घरं बंद केली की बारा उरतात. एमपीसीवर प्रत्येक सीक्वेन्सला (ठेक्याच्या तुकड्याला) वेगळा टाइम सिग्नेचर, म्हणजे मात्रांचा हिशेब, देता येतो. सॉफ्टवेअरमध्ये टाइम सिग्नेचर ६/८ ठेवा. ३/४ ठेवलं तरी घरं बाराच येतात, पण मेट्रोनोम दोन-दोन मात्रांवर टिकटिक करतो आणि दादऱ्याचे तीन-तीनचे दोन गट मोडतात. पहिल्या घरावर सम (सुरुवातीची जोरदार मात्रा), सातव्या घरावर खाली (हलकी मात्रा). आता समेवर किक, आणि तिसऱ्या, पाचव्या, नवव्या, अकराव्या घरावर हलका आवाज टाका. खालीच्या जागी किक मुद्दाम देऊ नका, तिथं फक्त टाळ किंवा टाळी ठेवा. एवढ्यानं डोकं डुलायला लागलं तर पहिला पेपर पास.

दुसरा पेपर डुलकीचा. संबळवाल्याचे ठोके घड्याळासारखे सरळ पडत नाहीत, मधला ठोका किंचित मागं राहतो. यंत्रात यासाठी स्विंग नावाची सोय असते. ती ड्रम मशीनमध्ये रुजवली रॉजर लिन या अमेरिकन यंत्ररचनाकारानं. त्यांचं एलएम-१ हे यंत्र १९८० चं, आणि पुढं अकाईसाठी त्यांनी बनवलेलं एमपीसी-६० १९८८ चं. कल्पना साधी आहे: सोळाव्या भागांच्या, म्हणजे लागोपाठच्या घरांच्या, प्रत्येक जोडीतला दुसरा ठोका थोडा उशिरा वाजवायचा. ५० टक्के म्हणजे अगदी सरळ, ६६ टक्के म्हणजे जोडीचे तीन भाग करून दुसरा ठोका तिसऱ्या भागावर, अशी पूर्ण डुलकी. आपल्या लोकसंगीताचा जीव बऱ्याचदा या दोन टोकांच्या मधे कुठंतरी असतो. ५४ पासून एकेक टक्का वर नेत ऐका आणि कान सांगेल तिथं थांबा. ज्या यंत्रात स्विंग फक्त तीन ठरीव पायऱ्यांत मिळतो, ते आपल्या कामाचं नाही.

या पेपरात सॉफ्टवेअर जास्त गुण घेतं, कारण तिथं एकेक ठोका मिलिसेकंदानं पुढं-मागं सरकवता येतो आणि प्रत्येक वाद्याचा स्विंग वेगळा ठेवता येतो. पण त्याच सॉफ्टवेअरमध्ये क्वांटाइझ नावाचं बटण असतं, ते सगळे ठोके ओढून सरळ रेषेत बसवतं. पॅडवर संबळीचा ठेका हातानं वाजवून मग ते बटण शंभर टक्के दाबलं, तर गोंधळ्यानं दिलेलं सगळं पुसून जातं. दाबायचंच असेल तर ताकद निम्म्यावर ठेवा. चुकलेले ठोके जागेवर येतील आणि वाजवणाऱ्याचा हात राहील.

पायरी चौथी: लाईट, ऊन, धूळ आणि अर्थिंग

यंत्र दणकट, लॅपटॉप नाजूक, असं सरसकट म्हटलं जातं. आपल्याकडं तसं नाही. जत्रेत जनरेटर एक क्षण अडखळला तर ॲडॅप्टरवर चालणारं यंत्र बंद पडून पुन्हा सुरू होतं, आणि न साठवलेला ठेका गेलेला असतो. लॅपटॉपला बॅटरी असते, त्याला जोडलेला यूएसबीवरचा पॅड आणि साऊंड कार्डही (आवाज आत-बाहेर नेणारी डबी) त्याच बॅटरीवर चालतात. म्हणून यंत्र घेताना ते सेलवर चालतं का हे मी किमतीच्या आधी विचारतो. व्होल्का बीट्स आणि एसपी-४०४ एमके-२ सहा पेन्सिल सेलवर चालतात. एमपीसी लाईव्हमध्ये चार्ज होणारी बॅटरी आहे, एमपीसी वनमध्ये नाही. नावं सारखी असली तरी हा फरक स्टेजवर फार मोठा ठरतो. बॅटरी नसलेलं यंत्र घेतलंच तर सोबत छोटा यूपीएस ठेवा.

ॲडॅप्टर हरवला तर तालुक्याच्या दुकानातून "नऊ व्होल्टचा द्या" म्हणून आणू नका. रोलँडच्या बहुतेक ॲडॅप्टरला पिनच्या मधे ऋण आणि बाहेर धन असतं. कॉर्गच्या व्होल्काला बरोबर उलटं, मधे धन लागतं. यंत्रावर जॅकच्या शेजारी गोल चिन्ह छापलेलं असतं, ते ॲडॅप्टरवरच्या चिन्हाशी जुळवा आणि अँपिअरचा आकडा मूळ ॲडॅप्टरइतका किंवा जास्त असू द्या. उलटा ॲडॅप्टर लावल्यानं पन्नास हजारांचं यंत्र एका क्षणात जळू शकतं.

लॅपटॉपला खरा त्रास उन्हाचा. एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या पुढं गेला, वर पत्रा, आणि लॅपटॉप गादीवर ठेवलेला, म्हणजे प्रोसेसर तापून स्वतःचा वेग कमी करतो. मग आवाजात कडकड येते आणि दोष सॉफ्टवेअरला दिला जातो. लॅपटॉप कडक पृष्ठभागावर ठेवा, मागं फरशीचा तुकडा किंवा दोन वह्या लावून उचला, जड काम सकाळी करा. घरातल्या बोर्डाला अर्थिंग नसेल तर चार्जर लावल्यावर स्पीकरमधून घूं असा आवाज येतो. चार्जर काढून बघा. आवाज थांबला तर साऊंड कार्ड बदलण्यापेक्षा वायरमनला बोलवा.

धुळीबद्दल थोडक्यात: यंत्राचे फेडर (सरकती बटणं) आणि पॅड धुळीनं खराब होतात, काम झालं की सुती कापडानं झाका.

पायरी पाचवी: खिशाप्रमाणं निवड

पाच हजारांच्या आत असतील तर ते सगळे चांगल्या वायरच्या हेडफोनवर घाला आणि घरातला फोन किंवा लॅपटॉप वापरा. ऐकू नीट आलं नाही तर बाकी काही उपयोगाचं नाही. फोनच्या स्पीकरवर खालचा किक ऐकूच येत नाही, म्हणून मुलं तो वाढवत नेतात, आणि मग डीजेच्या सिस्टीमवर तो फाटतो.

पंधरा-वीस हजार असतील आणि लॅपटॉप घरात असेल, तर एक छोटा कंट्रोलर, एक साधं यूएसबी साऊंड कार्ड, आणि सॉफ्टवेअरचा परवाना. रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर साठ दिवस पूर्ण वापरून बघता येतं आणि वैयक्तिक वापराचा परवाना ६० डॉलरला मिळतो. एफएल स्टुडिओ आपल्याकडं सर्वाधिक चालतं, त्यामुळं शिकवायला शेजारचा कुणीतरी सापडतो, हा त्याचा खरा फायदा. बेल्जियमच्या या सॉफ्टवेअरचा परवाना एकदा घेतला की पुढच्या आवृत्त्या आयुष्यभर फुकट मिळतात. फुकटच्या चाचणी आवृत्तीत काम साठवता येतं, गाण्याची फाईल बाहेर काढता येते, फक्त साठवलेला प्रोजेक्ट परवाना घेईपर्यंत पुन्हा उघडत नाही. शिकण्यासाठी एवढं पुरेसं आहे. एका बैठकीत एक बीट पूर्ण करायची सवयही लागते.

क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर टाकू नका. त्यातून व्हायरस येतात, ते ऐन कामात बंद पडतं आणि उद्या पैसे घेऊन काम करू लागलात तर कायद्याच्या दृष्टीनंही उघडे पडता. फुकट आणि सरळमार्गी पर्याय इतके असताना त्याची गरज उरत नाही.

पन्नास हजार आणि त्याच्या वर असतील, तर मोह एमपीसीचा होतो. लॅपटॉप नसेल तर आधी लॅपटॉप घ्या: ८ जीबी रॅम किमान, १६ असेल तर उत्तम, आणि हार्डडिस्कऐवजी एसएसडी. लॅपटॉप आधीच असेल, आणि पहिल्या पायरीत तुमचं उत्तर स्टेज असं आलं असेल, तर यंत्र जरूर घ्या. खरेदीला जाताना मुंबई-पुण्याचंच नाव घेऊ नका. नांदेडकरांना हैदराबाद जवळ पडतं, आणि यंत्र हातात घेऊन, सहा मात्रांची परीक्षा करून, मगच पैसे देता येतात.

पायरी सहावी: सॉफ्टवेअर घेतलं, आता पहिल्या दिवशी काय

इन्स्टॉल झालं की आवाजाची सेटिंग उघडा. विंडोजवर असाल तर ड्रायव्हर (साऊंड कार्ड चालवणारा प्रोग्रॅम) म्हणून एएसआयओ निवडा, त्यानं आवाज कमी उशिरानं येतो. साऊंड कार्डासोबत स्वतःचा ड्रायव्हर येत असेल तर तोच टाका, नसेल तर फुकटचा एएसआयओ-फॉर-ऑल चालतो. त्यानंतर बफर नावाचा आकडा बघा, म्हणजे कॉम्प्युटर आवाजाचे किती तुकडे साठवून मग वाजवतो तो. सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती तुकडे) ४४१०० असताना २५६ चा बफर म्हणजे सुमारे ५.८ मिलिसेकंदांचा उशीर, ५१२ म्हणजे ११.६, आणि १०२४ म्हणजे २३ च्या पुढं. पॅड वाजवताना २५६ किंवा त्याखाली ठेवा. वाजवून झालं आणि मिक्सिंग सुरू केलं की १०२४ वर न्या, लॅपटॉपला दम मिळतो.

सुरुवातीला नवीन प्लगिन, म्हणजे सॉफ्टवेअरला जोडायची जास्तीची वाद्यं आणि इफेक्ट, डाऊनलोड करू नका. सॉफ्टवेअरसोबत आलेले किक, स्नेअर, टाळी एवढ्यावरच दहा बीट पूर्ण करा. १९८७ मध्ये आलेल्या ई-म्यू कंपनीच्या एसपी-१२०० या सॅम्पलरमध्ये सगळे आवाज मिळून दहाएक सेकंद मावायचे, आणि त्यावर हिपहॉपचं एक अख्खं पर्व उभं राहिलं. सॉफ्टवेअरमध्ये अशी मर्यादा स्वतः घालून घ्यावी लागते: एका बीटमध्ये आठच ट्रॅक, असं ठरवा.

पायरी सातवी: जुनं यंत्र घेत असाल तर

आपल्याकडं सेकंडहँड ऑक्टापॅड भरपूर फिरतात आणि चांगला मिळाला तर सौदा उत्तम असतो. बघायला जाताना स्वतःचे हेडफोन न्या. आठही पॅड हळू, मध्यम आणि जोरात वाजवा. हळू मारल्यावर आवाज येत नसेल तर आतला सेन्सर थकलाय. एक पॅड मारल्यावर शेजारचाही वाजत असेल तर रबर बसलंय. ॲडॅप्टरची पिन लावून हलकेच हलवा, यंत्र बंद-चालू झालं तर जॅक सुटलाय. आवाजाचं बटण फिरवताना खरखर येते का ऐका.

आणि एक प्रश्न आधीच सोडवा: तुम्हाला स्वतःचे आवाज भरायचेत का? एसपीडी-२० मध्ये आतले आवाजच वाजतात, बाहेरचा आवाज भरता येत नाही. रोलँडच्याच एसपीडी-एसएक्स मध्ये भरता येतो. तुळजापूरच्या गोंधळ्याची संबळ स्टेजवर पॅडमधून वाजवायचं स्वप्न असेल तर एसपीडी-२० नुसता पुरणार नाही.

पायरी आठवी: ऑक्टापॅड घरात असेल तर दोन्ही मिळतं

मला वाटतं, ही गोष्ट आपल्याकडच्या वादकांना कुणी नीट सांगितलेलीच नाही. ऑक्टापॅडच्या मागं मिडी आऊट नावाचं पाच पिनांचं गोल छिद्र असतं. मिडी ही भाषा १९८३ ची आहे, आणि तेव्हाचं यंत्र आजच्या लॅपटॉपशी तीच भाषा बोलतं. मिडी ते यूएसबी अशी वायर मिळते. ती घ्या, "इन" लिहिलेली पिन ऑक्टापॅडच्या "आऊट"मध्ये घाला (वायर बनवणारे कधी कधी उलट लिहितात, आवाज आला नाही तर पिना बदलून बघा), यूएसबी लॅपटॉपला लावा आणि सॉफ्टवेअरमध्ये मिडी इनपुट चालू करा. प्रत्येक पॅड एक ठरलेला नंबर पाठवतो. सॉफ्टवेअरमध्ये त्या त्या नंबरावर हवा तो आवाज ठेवला की झालं. वीस वर्षं ऑर्केस्ट्रात वाजलेला पॅड आता तुमच्या लॅपटॉपमधली संबळ वाजवतो, आणि काठीचा सराव असलेल्या हाताला नवीन काही शिकावं लागत नाही. घरात काका किंवा मामा वादक असतील तर त्यांना शेजारी बसवा. सॉफ्टवेअर तुम्ही चालवा, पॅड त्यांना वाजवू द्या.

पायरी नववी: आवाज आपल्या मातीतले भरा

यंत्र घ्या किंवा सॉफ्टवेअर घ्या, त्यात येणारे आवाज अमेरिकेतले आणि जपानमधले. भारतीय म्हणून जे पॅक विकले जातात त्यात तबला-ढोलक असतं, हलगी सापडली तरी ती हलगीसारखी लागत नाही. हे काम आपल्यालाच करावं लागेल. नवरात्रात तुळजापूर, चैत्रात येरमाळ्याची येडेश्वरी, नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावची खंडोबाची यात्रा, होळीच्या दिवसांत बंजारा तांडे: वाजवणारे तिथं भेटतात. पण गर्दीत आवाज भरू नका. ओळख करून घ्या, नंतर शांत जागी भेटायची वेळ ठरवा, काय करणार आहात ते सांगा, मानधन द्या आणि गाण्याखाली नाव लिहायचं कबूल करा. आवाज त्यांचा आहे.

भरताना फोनही चालतो, फक्त रेकॉर्डरच्या सेटिंगमध्ये डब्ल्यूएव्ही (आवाज न दाबता साठवणारा फाईलचा प्रकार) निवडा. पंखा बंद. मोकळ्या, रिकाम्या खोलीत आवाज घुमतो, त्यापेक्षा पोती किंवा गाद्या ठेवलेली खोली बरी. हलगी दोन हातांच्या अंतरावर ठेवा, फोन जवळ नेला तर आवाज फाटतो. आवाजाची पातळी सगळ्यात जोरदार ठोक्यालाही उणे ६ डेसिबलच्या खाली राहील अशी ठेवा. हलगी शेकून तापवली की तिचा सूर चढतो आणि गार होत जाते तसा उतरतो. म्हणून सगळे बोल एकाच तापात भरून घ्या, नाहीतर पॅडवर शेजारचे दोन ठोके वेगवेगळ्या हलग्यांचे वाटतील. प्रत्येक बोल हळू, मध्यम, जोरात, आणि प्रत्येकाचे चार-पाच नमुने घ्या. संबळीच्या दोन्ही भांड्यांचे आवाज वेगवेगळे भरा, मग दोन्ही एकत्र. चौंडक्याचा सूर तार ताणल्यानं वर-खाली होतो, त्याचे सुटे ठोके पुरत नाहीत, त्याच्या ओढीचे लांब तुकडेही घ्या. शेवटी वादकाला पाच मिनिटं मनासारखं वाजवू द्या आणि रेकॉर्डिंग चालू ठेवा. स्विंग किती टक्के ठेवायचा याचं उत्तर त्या पाच मिनिटांत असतं.

घरी आल्यावर प्रत्येक ठोका कापून वेगळी फाईल करा. सुरुवात अगदी ठोक्याच्या टोकावर कापा, आधी थोडी जरी शांतता राहिली तरी पॅड उशिरा वाजल्यासारखा वाटतो. फाईलला वाद्य, बोल, जोर आणि गाव अशा क्रमानं नाव द्या: हलगी-कडक-जोरात-लोहा. मूळ न कापलेलं रेकॉर्डिंग पेनड्राईव्हवर आणि ऑनलाईन अशा दोन ठिकाणी ठेवा, आणि त्याची एक प्रत त्या वादकाच्या फोनवर त्याच दिवशी पाठवा.